लाज वाटेल इतकं हळू

पोरी,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. अंथरुणात पडल्या पडल्या मनगटावरचं घड्याळ ९६ ठोके दाखवतंय, पोटात कालवाकालव होतेय, चार व्हर्च्युअल, म्हणजे एकटीने घड्याळावर मोजून पळायच्या, हाफ मॅरेथॉन पुऱ्या केल्यात पण त्या 'खऱ्या' नव्हत्या असं वाटतंय, आणि रविवारच्या साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनमधून नाव मागे घेऊ का? मेसेजमध्ये एकूण सात प्रश्न आहेत. श्वासाचा व्यायाम कोणता, पळताना खायचं साखरेचं जेल कधी घ्यायचं, नवे बूट घालू का. या सगळ्यांची उत्तरं तुला माहीत आहेत. नवे बूट घालायचे नसतात हे तूच मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतंस.

तुला जमेल, घाबरू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. घाबर. भीती रविवारी सकाळीही असणार आहे आणि ती घालवण्यात तू आठवडाभर शक्ती खर्च करू नयेस असं मला वाटतं. मला काळजी वेगळीच आहे. शर्यत सुरू करणारी बंदूक वाजली की ही भीती पोटातून पायात उतरते, आणि पायात उतरली की ती भीती वाटतच नाही. ती ताकद वाटते. तिथे माणूस फसतो.

म्हणून एकच गोष्ट सांगतो. घाट लागेपर्यंत गावातला सगळा रस्ता लाज वाटेल इतकं हळू पळ.

हळू म्हणजे किती, असं तू विचारणार. घड्याळात बघून कळणार नाही. पळता पळता स्वतःचा पूर्ण पत्ता मोठ्याने म्हणून बघ. फ्लॅट नंबर, सोसायटी, रस्ता, पुणे, पिनकोडसकट. मध्ये दम खावा लागला तर तू वेगात आहेस. सोसायटीच्या नावाशीच अडखळलीस तर फारच वेगात आहेस.

व्हर्च्युअल शर्यती खऱ्या नव्हत्या असं मी म्हणत नाही. एकवीस किलोमीटर ते एकवीस किलोमीटर. तू एकटीने, टाळ्या वाजवायला कुणी नसताना पळालीस, आणि ते माझ्यापेक्षा जास्त आहे. फक्त तिथे तुला मागे टाकणारं कुणी नव्हतं. सिग्नल लागला की घड्याळ थांबवता येत होतं. इथे पोलीस परेड ग्राउंडवर हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतील, ढोल-ताशा वाजत असेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर पहाटेपासून पोरंबाळं घेऊन उभे असतील. अनोळखी आजी तुझ्याकडे बघून "पळ गं बाई" म्हणून ओरडेल. त्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनचा जो लोंढा येतो त्याने पाय पिसासारखे हलके होतात. रोज साडेसात मिनिटांत होणारा किलोमीटर सहा मिनिटांत होतो आणि तरी दम लागल्यासारखं वाटत नाही. दम लागलेला असतो. कळत नाही, एवढंच. स्नायूंमधली साखर भराभर जळून गेलेली असते आणि त्याचा हिशेब सोळाव्या किलोमीटरला द्यावा लागतो.

आणि हे साताऱ्यात आहे, हे विसरू नकोस. गाव संपलं, समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. अर्धी शर्यत बहुतेक चढाची आणि उरलेली अर्धी उताराची. लोक चढाला घाबरतात. मला विचारशील तर उतार वाईट. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक लावत असतो, आणि चढावर झिजलेल्या मांड्या ब्रेक लावायला नकार देतात. मी हे ऐकून सांगत नाहीये.

२०१३ साली मी पहिल्यांदा ही शर्यत पळालो. ती सुरू होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. वय शेहेचाळीस, तीन महिने सराव, रोज अजिंक्यताऱ्याचा चढ, त्यामुळे आपल्याला घाटाचं काय, हा समज. पहाटे पाऊस भुरभुरत होता. तुझ्यासारखीच रात्रभर झोप नव्हती. (एका रात्रीच्या झोपेने काही बिघडत नाही, हे जाता जाता सांगतो. आदल्याच्या आदल्या रात्री झोपून घे म्हणजे झालं.) बंदूक वाजली आणि मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरांबरोबर निघालो. घाटाच्या पायथ्याशी मी इतका पुढे होतो की ओळखीच्या एकाने शिट्टी मारली. ती शिट्टी मला अजून ऐकू येते. वळसा घालून उताराला लागलो आणि पंधराव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत पेटके आले. रस्त्याच्या कडेला बसलो. आयोजकांची गाडी आली, तिच्यात चढलो.

माझे वडील शर्यतीच्या रस्त्यावरच्या पोवई नाक्यावर काळी छत्री घेऊन उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी त्यांच्या समोरून गेली. त्यांची नजर पळणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर होती. मी काच खाली करून हाक मारली नाही.

ते रस्ता मोकळा होईपर्यंत तिथे उभे होते हे मला संध्याकाळी कळलं. घरी मी सांगितलं, गुडघा गेला. सगळ्यांना तेच सांगितलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. त्यानंतर सहा वर्षं मी कुठल्याही शर्यतीत नाव घातलं नाही, आणि २०१९ मध्ये मी जेव्हा ही शर्यत पुरी केली तेव्हा नाक्यावर उभं राहायला वडील नव्हते.

म्हणून मी हळूचा हट्ट धरतो. आमच्या ग्रुपमध्ये मला यावरून बोलतात. काका भित्रे आहेत, काकांमध्ये अजून दहा मिनिटं शिल्लक असतात, असं म्हणतात. माझी वेळ कधीही २ तास २० मिनिटांच्या खाली आली नाही हे खरं आहे. आली असती. २०२२ च्या वर्षी शेवटच्या तीन किलोमीटरला मी नव्वद-शंभर माणसांना तरी मागे टाकलं, आणि तेव्हा वाटलं की सुरुवातीला थोडं सोडलं असतं तर जमलं असतं. पण मला ते नको होतं. मला नाक्यावरून स्वतःच्या पायांनी जायचं होतं. कुणाला हे भित्रेपण वाटत असेल तर वाटू दे. त्यांच्यातल्या दोघांना मी उतारावर कडेला बसलेलं पाहिलं आहे, आणि मी थांबून त्यांच्या पोटऱ्या चोळल्या आहेत.

तू मेसेजमध्ये ललिता बाबरचं नाव काढलंस. "ती पण याच जिल्ह्याची, आणि मी हाफला घाबरतेय." असं पुन्हा लिहू नकोस, मला राग येतो. माण तालुक्यातल्या मोहीची ती मुलगी २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. त्यामागे किती वर्षांची मेहनत आहे! आपली धडधड तिच्या शेजारी ठेवायची नाही. ती तिचं पळाली, तू तुझं पळ. लाज वाटेल इतकं हळू.

आता बारीकसारीक. बिब, म्हणजे नंबराचा कागद, आदल्या रात्रीच टी-शर्टवर चार पिनांनी लाव. वेळ मोजणारी चिप त्याच्यावरच असते, ती दुमडू नकोस. तुझी वेळ तू सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवरून गेल्यावर सुरू होते, बंदुकीबरोबर नाही. म्हणजे गर्दीत सगळ्यात मागे उभी राहिलीस तरी एक सेकंदही जात नाही. मागेच उभी राहा. पुढे उभं राहिलं की पुढच्यांचा वेग आपल्याला ओढतो.

घाबरलेला माणूस पाणी फार पितो. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करू नकोस, तहान लागली की पी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं होतं, आणि धोका सर्वांत जास्त कुणाला, तर पाणी पिऊन पिऊन ज्यांचं वजन पळताना वाढलं होतं त्यांना. पेनकिलर घेऊन पळायचं नाही, अर्धीसुद्धा नाही. सकाळी दोन-तीनदा संडासला जावं लागेल. ते आजारपण नव्हे, भीतीने आतडी तशीच वागतात. रांग मोठी असते, तेवढा वेळ हाताशी ठेवून नीघ.

घाटात चालावंसं वाटलं तर चाल. घड्याळ तिथे किलोमीटरला नऊ मिनिटं दाखवेल, दाखवू दे. पत्ता म्हणता येतोय का, तेवढंच बघ. गाव हळू गेलं असेल तर घाट तुला फार काही करणार नाही. गाव जोरात गेलं असेल तर माझ्याकडे तुला द्यायला एकही उपाय नाही, आणि तुझ्या त्या सात प्रश्नांच्या उत्तरांतही नाही.

नाव मागे घ्यायचं असेल तर शनिवारी दुपारपर्यंत कळव. मी काही बोलणार नाही. पण गुडघ्याचं नाव सांगू नकोस, काका मला भीती वाटते एवढंच लिही.

येणार असशील तर शनिवारी संध्याकाळी घरीच ये. काकूने वरण-भात करायचं ठरवलंय, तिखट काही नाही. पिना मी आणून ठेवल्यात. यंदा मी पळणार नाही, समर्थ मंदिराच्या चढाला डाव्या हाताला उभा असेन, छत्री काळी. माझ्यासमोर आलीस की हात हलवू नकोस, फोटोसाठी हसू नकोस. पत्ता म्हणून दाखव. पिनकोडपर्यंत.

तुझा,
काका