रिसेप्शनचं संगीत: वाचकांचे प्रश्न आणि मिक्सरमागून उत्तरं

समारंभांची ध्वनिव्यवस्था सांभाळणं हे माझं काम. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये गाणं-बजावणं काय ठेवावं, याबद्दल आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत.

ताई, मला गझल फार आवडते, म्हणून रिसेप्शनला गझलगायक बोलवावा असं माझ्या मनात आहे. होणाऱ्या नवऱ्याला डीजे हवाय, त्याच्या मित्रांना नाचायचंय. दोघांचे आईवडील म्हणतात, सरळ ऑर्केस्ट्रा ठेवा. हॉल एकच, वेळ ४ तास, पाहुणे ३०० च्या आसपास. काय करू?
– लग्नाच्या गडबडीतली एक मुलगी

कलाकार ठरवण्याआधी तुम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसा आणि त्या ४ तासांत पाहुणे काय करत असतील ते लिहून काढा. सुरुवातीला लोक येतात, तुम्हाला भेटतात, फोटो काढतात, वर्षानुवर्षं न भेटलेल्या नातेवाइकांशी गप्पा मारत उभे राहतात. मग जेवण. नाचायची हौस असलेले शेवटपर्यंत थांबतात. म्हणजे जवळजवळ ३ तास माणसं बोलणार आहेत. त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे, ही माझी पहिली अट. बाकी सगळं त्यानंतर.

गझल मलाही जिवापाड आवडते, आणि म्हणूनच सांगते, तिला या गर्दीत आणू नकोस. गायक पहिली ओळ दोन-तीनदा घोळवतो, दुसऱ्या ओळीची ओढ लावतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी फोटोसाठी मोठ्यानं हाक मारतं. ऐकणारेच नसतील तर त्या दुसऱ्या ओळीनं जायचं कुठे? चांगल्या गायकाचा चेहरा अशा वेळी पडतो, तो मला बघवत नाही. त्यापेक्षा लग्नाच्या आदल्या-नंतरच्या एखाद्या संध्याकाळी जवळची ४०-५० माणसं बसव आणि गझल तिथे ऐक. छोट्या खोलीत माइकसुद्धा लागणार नाही.

रिसेप्शनच्या पहिल्या ३ तासांसाठी बासरी, गिटार आणि तबला असे तिघं बोलव. तुझ्या आवडत्या गझलांच्या चालींची यादी बासरीवाल्याला आधी पाठव. शब्द नसले की लक्ष ओढलं जात नाही, गप्पा चालू राहतात, आणि चाल ओळखणारा बरोबर ओळखतो.

ऑर्केस्ट्राबद्दल आईबाबांशी बोलताना एक गोष्ट सांग. ७-८ जणांच्या ताफ्यात खरा ड्रमसेट असेल, तर त्याचा आवाज मिक्सरवरून, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावरून, कमी करता येत नाही. काठी पडली की तो वाजणारच. मग गायकाचा आवाज त्याच्या वर न्यावा लागतो, बाकीची वाद्यं गायकाच्या बरोबरीला, आणि मध्यम हॉलमध्ये सगळंच कर्कश होऊन बसतं. त्यात माणसाची एक सवय भर घालते. आजूबाजूला आवाज वाढला की आपण नकळत मोठ्यानं बोलायला लागतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. पाहुणे आवाज चढवतात, मग ऑर्केस्ट्राला स्वतःचं वादन ऐकू येईना की तेही चढवतात. अर्ध्या तासात कुणालाच कुणाचं काही कळत नाही. ऑर्केस्ट्राच ठरला तर इलेक्ट्रॉनिक ड्रम किंवा हलका कहोन, म्हणजे हातानं वाजवायचं लाकडी खोक्यासारखं तालवाद्य, आणायला सांगा.

डीजे शेवटचा तासभर, बासरी-गिटार-तबलावाल्या तिघांच्याच ध्वनिव्यवस्थेवर. दोन वेगळ्या यंत्रणा लावू नका, खर्च वाढतो आणि मधली अदलाबदल लांबते. डीजेला सांगा, पहिली ५-६ गाणी आईवडिलांच्या तरुणपणातली हवीत. त्या वयाची मंडळी लवकर निघतात, आणि ती नाचून घरी गेली तर तुमच्या समारंभाची आठवण वर्षानुवर्षं काढतात. तुझ्या नवऱ्याच्या मित्रांना पुढचा सगळा वेळ आहेच.

आमच्या आईला कानाचं यंत्र आहे. मागच्या एका लग्नात ती यंत्र काढून बसली आणि जेवून लगेच घरी आली. आता नातीच्या रिसेप्शनला तरी ती शेवटपर्यंत बसावी, अशी माझी फार इच्छा आहे. तिला कुठे बसवू?
– एक मुलगा आणि वधुपिता

दादा, हा प्रश्न प्रत्येक घरातून यायला हवा, कारण ऐकू कमी येणारं कुणी ना कुणी प्रत्येक लग्नात असतंच.

नुसती खुर्ची हलवून भागणार नाही, स्पीकरची मांडणी आधी बदलायला हवी. बहुतेक ठिकाणी स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन भलेमोठे स्पीकर ठेवतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून आवाज चढवतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून उतार थोडा कमी, पण चाल तीच. म्हणजे शेवटच्या रांगेत बरं ऐकू यावं, तर पहिल्या रांगेचे कान फुटतात. आणि मानाचं म्हणून आपण म्हाताऱ्या माणसांना बसवतो नेमकं पहिल्या रांगेत!

ध्वनिव्यवस्थेवाल्याकडे दोन मोठ्यांऐवजी ४ किंवा ६ लहान स्पीकर मागा, हॉलभर पसरून, डोक्याच्या वर उंचीवर, खाली तिरके केलेले. प्रत्येकाचा आवाज मग बेताचा ठेवता येतो. आईंची जागा स्पीकरच्या तोंडासमोर नको, दोन स्पीकरच्या मधल्या पट्ट्यात आणि भिंतीजवळ हवी. पाठ भिंतीकडे असली की मागून येणारा कोलाहल कमी होतो आणि बोलणाऱ्याचा चेहरा समोर राहतो. ओठ दिसले की यंत्र वापरणाऱ्यांना बोलणं खूप सोपं जातं. टेबलावर उजेड पुरेसा ठेवा, तोही त्याचसाठी.

बेस थोडा उतरवायला सांगा. घुमणारा खालचा आवाज बोलण्यावर पांघरूण घालतो. जेवणाच्या वेळी मी टेबलाशी मोबाइलच्या अ‍ॅपवर ७० डेसिबलच्या वर आकडा जाऊ देत नाही. अ‍ॅप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. दोन माणसं हातभर अंतरावर साधं बोलतात ते सुमारे ६० असतं, यावरून हिशेब लक्षात येईल.

नाचाच्या वेळी आवाज वाढणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपर्यंत, ही वरची मर्यादा सांगितली आहे. माझ्या मते कौटुंबिक समारंभात तिथपर्यंत जायचं काही कारणच नाही. स्पीकर नाचाच्या जागेकडे तोंड करून ठेवले तर ९० च्या आसपासही पोरं मनसोक्त नाचतात. आणि जवळ एखादी शांत खोली असेल तर तिथे चार खुर्च्या टाकून ठेवा. आईंना दहा मिनिटं टेकता आलं, तर त्या परत येऊन बसतील.

बजेट संपलंय. मोबाइलवरच गाणी लावली तर फार वाईट दिसेल का?
– नवरदेवाचा धाकटा भाऊ

अजिबात नाही. वाईट वादकांपेक्षा नीट निवडलेली यादी केव्हाही चांगली. गाणी डाउनलोड करून ठेव, इंटरनेटवर विसंबू नकोस. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर भर कार्यक्रमात कुणाचा तरी फोन स्पीकरवर वाजेल. ब्लूटूथ नको, तारेनं जोड. दोन गाण्यांमधली शांतता नको असेल तर अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरता विरता पुढचं सुरू करायची सोय, ५-६ सेकंदांवर ठेव. आणि एकच माणूस नेम, ज्याच्याशिवाय कुणीही त्या मोबाइलला हात लावणार नाही. वाचलेल्या पैशांतून बोलण्यासाठी एक चांगला माइक भाड्यानं घे. मनोगत ऐकू आलं नाही तर ते फार जिव्हारी लागतं.

वादकांना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय विचारावं?
– मुलीची मावशी

मावशी, पहिला प्रश्न हा: व्हिडिओत दिसताहेत तेच कलाकार येणार का? नावं लिहून घ्या. ऐन वेळी बदली माणूस पाठवणं या धंद्यात नवं नाही. व्हिडिओसुद्धा स्टुडिओतला नको, एखाद्या समारंभात मोबाइलवर काढलेला, न कापलेला मागा.

मग वेळा लिहून घ्या: सामान लावायला किती वाजता येणार, साउंड चेक कधी संपणार, किती वेळ वाजवणार, मधली विश्रांती किती, उशीर झाला तर जादा किती. साउंड चेक पाहुणे यायच्या आत संपलाच पाहिजे. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि माणसं भरली की कोरडा होतो, त्यामुळे पहिल्या १०-१५ मिनिटांत मिक्सरवर हात फिरवणारा माणूस जागेवर असणार का, हेही विचारा. तो नसेल तर माइकची शिट्टी वाजत राहते.

ध्वनियंत्रणेला विजेची वेगळी लाइन मागा. दिवे आणि स्वयंपाकघरातली यंत्रं त्याच लाइनवर असली की स्पीकरमधून गुणगुण यायला लागते. हॉलवाल्याकडून आवाजाची आणि वेळेची मर्यादा लेखी घ्या आणि तो कागद वादकांना दाखवा. हव्या त्या गाण्यांबरोबर नको त्या गाण्यांचीही यादी द्या, कुणाच्या दुःखाशी जोडलेलं एखादं गाणं घरच्यांनाच माहीत असतं. कलाकार कधी आणि कुठे जेवणार हेही ठरवून ठेवा. उपाशी माणसाला रात्री उशिरापर्यंत वाजवायला लावू नका.