पिढ्यान्‌पिढ्या कर्ज आणि ओढाताण सोसणाऱ्या घरावरची एकच कादंबरी सुचवायची, तर कोणती?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या सावकारी कर्जापासून तुमच्या हप्त्यांपर्यंत घरात पैशाचाच विषय ऐकत मोठे झालात, आणि वडिलांशी खटके उडतात तेही त्यावरूनच. अशा घरावरची एकच कादंबरी सांगा, आणि ती वडिलांच्या हातात द्यावी का तेही सांगा, असं तुमचं म्हणणं. माझं उत्तर: प्रेमचंदांची 'गोदान'. 1936 ची आहे, अवधमधल्या बेलारी गावातली आहे, आणि तरीही तुम्ही जे विचारताय ते तिच्याइतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

गरिबीचं वर्णन पुष्कळ कादंबऱ्यांत सापडतं. कर्जामुळे घरातलं बोलणं कसं बदलतं, बाप आणि मुलगा एकाच आकड्याकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी कशा वाचतात, हे 'गोदान'मध्ये आहे.

होरी हा कुळानं जमीन कसणारा शेतकरी. त्याच्या डोक्यावरचं कर्ज प्रेमचंद मोघम सांगत नाहीत, हिशेबच मांडतात. मंगरू साहकडून पाच वर्षांपूर्वी बैलासाठी 60 रुपये घेतले, 60 फेडून झाले, आणि 60 अजून बाकीच. दातादीन पंडिताकडून 30 घेऊन बटाटे लावले, बटाटे चोरांनी खणून नेले, तीन वर्षांत 30 चे 100 झाले. भावांच्या वाटणीच्या वेळी दुलारीकडून 40 घेतले, त्याचेही शंभराच्या घरात गेले. तिचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा (रुपयाचा सोळावा भाग), म्हणजे महिन्याला शेकडा सव्वासहा, वर्षाला 75. यात खंडाची, म्हणजे जमीनदाराला द्यायच्या शेतसाऱ्याची, थकबाकी वेगळीच. हे सगळं कादंबरीच्या सुरुवातीलाच येतं, होरीला मनापासून हवी असलेली गाय दारात यायच्याही आधी. होरीची बायको धनिया हिची तीन मुलं लहानपणी गेलेली असतात, आणि औषधपाणी झालं असतं तर ती जगली असती असं तिला आजही वाटतं. तेव्हा एका दमडीचं औषध आणणंही जमलेलं नसतं.

ऊस घातल्यावरचा प्रसंग तर कुठल्याही ऊसवाल्याला आपला वाटेल. होरीच्या उसाचे 120 रुपये होतात. गावातला आणखी एक सावकार झिंगुरीसिंह साखर कारखान्यातच बसलेला असतो, तो आपलं मुद्दल-व्याज तिथल्या तिथे कापून घेतो आणि पंचवीसेक रुपये होरीच्या हातावर ठेवतो. होरी बाहेर पडतो तर जमीनदाराचा कारभारी नोखेराम खंडासाठी उभा. ते पंचवीसही गेले. त्याच दिवशी गिरधर नावाचा दुसरा शेतकरी एक आणा गालात दडवून वाचवतो, आणि त्याची ताडी पितो. वर्षभराच्या उसातून त्याच्या वाट्याला आलेला तो एक आणा.

आता बापलेक. मुलगा गोबर लखनौला पळून जातो, कमावतो, होळीला परत येतो. होळीच्या रात्री त्याच्या दारात पोरं सोंग काढतात. त्यात सावकार ठाकूर शेतकऱ्याकडून 10 रुपयांचा कागद करून घेतो आणि हातात 5 ठेवतो: एक नजराण्याचा, एक लिखाईचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा, एक व्याजाचा. शेतकरी म्हणतो, मग हे पाचही ठेवा. एक धाकट्या ठकुराइनचा (ठाकुराच्या बायकोचा) नजराणा, एक थोरलीचा, एकेक दोघींच्या पानाचा, आणि उरलेला एक तुमच्या क्रियाकर्माला. सगळं गाव पोट धरून हसतं. सावकाराला तोंडावर हसणारी पहिली पिढी ती.

पण मग दातादीन हिशेबाला येतो. 30 चे आता 200 झालेत म्हणतो. गोबर आकडेमोड करतो: महिना शेकडा एक रुपयानं, दहा वर्षं धरली तरी व्याज 36, मुद्दलासकट 66, तुम्ही 70 घ्या. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे, त्या हिशेबानं हे 60 वरच मिटलं असतं. अर्थात तो नियम असूनही 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळलेच.) दातादीन कोर्टाची धमकी देत नाही, आपण ब्राह्मण आहोत एवढंच बजावतो. होरीच्या पोटात गोळा येतो. ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर तो हाडं फोडून बाहेर निघेल, असं त्याला मनापासून वाटतं. पै न् पै फेडीन, असा शब्द तो देऊन टाकतो. गोबरच्या दृष्टीनं बापानं स्वतःहून गळ्यात फास घातला. होरीच्या दृष्टीनं, ज्या व्याजानं घेतलं ते द्यायचं, नीती सोडायची नाही. थोड्याच दिवसांत आईशी कडाक्याचं भांडण करून गोबर बायकोला, झुनियाला, घेऊन लखनौला निघून जातो.

इथे प्रेमचंद कुणाचीच बाजू सोपी ठेवत नाहीत, म्हणून मला हा लेखक फार मोठा वाटतो. सावकारांना सुनावणारा हाच गोबर लखनौत एक्केवाल्यांना, धोब्यांना व्याजानं पैसे देत असतो. आणि होरीला जन्मभर फटकारणारी धनिया? थोरली मुलगी सोना होणाऱ्या सासरी निरोप धाडून हुंडा नको असं कबूल करून घेते, तेव्हा धनियाच अडून बसते की आपल्या घराची अब्रू आहे, द्यायचंच. पुन्हा 200 रुपये कर्ज. गावात नाव राखायला काढलेलं कर्ज ते. आणि घरावरचा पैशाचा भार पुढे धाकट्या रूपाच्या आयुष्यावर येऊन पडतो. कसं, ते सांगत नाही.

शहरातली प्रकरणं, प्राध्यापक मेहता आणि डॉक्टर मालती यांच्या चर्चा, पहिल्या वाचनात लांबतात हे खरं. पण जमीनदार रायसाहेबांची प्रकरणं गाळू नका. मुलीचं लग्न, कोर्टकचेरी, निवडणूक यांसाठी तेही कर्जात बुडालेले आहेत. खंडाची वसुली इतकी निष्ठुर का, हे तिथे उलगडतं.

प्रेमचंदांना हा विषय घरचाच होता. छापखाना आणि नियतकालिकं तोट्यात होती, म्हणून 1934 मध्ये ते मुंबईत चित्रपट कंपनीत नोकरीला आले, वर्षभरात कंटाळून परत गेले. 'गोदान' आल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर 1936 मध्ये, वारले.

वडिलांना द्या, जरूर द्या. हिंदी वाचत असतील तर मूळच द्या, भाषा अवघड नाही. फक्त आधी स्वतः वाचा, आणि गोबरचा हिशेब बरोबर होता हे सिद्ध करायला पुस्तक त्यांच्यापुढे ठेवू नका. दातादीनचा प्रसंग वाचून झाल्यावर त्यांनाच विचारा, होरीनं शब्द का दिला असेल? माझ्या वडिलांनी याचं उत्तर दिलं तेव्हा आमच्या घरातलं एक जुनं हातउसनं त्यांनी का फेडत ठेवलं होतं, ते मला पहिल्यांदा कळलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, पण त्यावरून आमचे वाद होणं थांबलं.