सीडी-२८ची रचना कशी असते आणि त्याला थेट चेतवणारे औषध का वापरत नाहीत?

टी-पेशीने (प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या रक्तपेशीने) प्रतिजन, म्हणजे तिने ओळखायचा रेणू, ओळखल्यावरही तिला सीडी-२८ या प्रथिनाची गरज का लागते, त्याची रचना कशी असते आणि प्रतिकारशक्ती वाढवायची असेल तर त्यालाच थेट चेतवणारे औषध का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढून त्या वाढवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हे प्रथिन माझ्या नित्य परिचयाचे आहे. रचना नीट समजली की उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी तिच्यातच सापडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सीडी-२८ची साखळी पेशीत तयार होते तेव्हा ती २२० अमिनो आम्लांची असते. त्यांतील पहिल्या १८ आम्लांचा तुकडा तिला योग्य मार्गाला लावण्यापुरताच असतो आणि तो कापला गेल्यावर २०२ आम्ले उरतात. अशा दोन सारख्या साखळ्या पेशीपटलाजवळ डायसल्फाइड बंधाने एकमेकींना जोडलेल्या असतात. प्रत्येक साखळीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या एका घडीसारखा दुमडलेला असतो आणि त्याच्या टोकाशी मेथिओनिन, टायरोसिन, सलग तीन प्रोलिन आणि पुन्हा टायरोसिन अशा सहा आम्लांचे एक वळण असते. डेंड्रिटिक पेशीसारख्या प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीवरील सीडी-८० आणि सीडी-८६ ही प्रथिने याच वळणापाशी येऊन बसतात. पटलाच्या आतल्या बाजूला अवघ्या ४१ आम्लांचे शेपूट असते.

या शेपटाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. त्याला स्वतःची कोणतीही विकरक्षमता नाही. त्यातील टायरोसिनवर फॉस्फेट बसवण्याचे काम लॅकसारखे कायनेज (फॉस्फेट जोडणारे विकर) करते, आणि हे कायनेज टी-पेशीग्राहीच्या, म्हणजे प्रतिजन ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, कामातही गुंतलेले असते. फॉस्फेट बसल्यावर त्या जागी पीआय-३ कायनेज आणि ग्रब-२ ही संदेश पुढे नेणारी प्रथिने येऊन चिकटतात आणि तिथून पेशीच्या आत ग्लुकोज खेचून घेणे, टी-पेशींची वाढ घडवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनाची निर्मिती वाढवणे आणि पेशीला मरणापासून वाचवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढवणे ही कामे पुढे सरकतात. म्हणजेच टी-पेशीग्राहीने प्रतिजन ओळखणे हा पहिला संदेश, तर सीडी-२८ हे त्याला दुसऱ्या संदेशाचे बळ देणारे प्रथिन आहे. एरवी एकट्याने पेशीला कामाला लावावे, अशी त्याची घडणच नाही.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांनी दिसतो. केवळ टी-पेशीग्राहीला चेतवणारे प्रतिपिंड लावलेले सूक्ष्म मणी एका कप्प्यात घातले, तर काही पेशी जाग्या होतात, पण वाढ लवकरच मंदावते. शेजारच्या कप्प्यात त्याच मण्यांवर सीडी-२८चे प्रतिपिंडही असेल, तर दोन-तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे द्राक्षांच्या घडांसारखे पुंजके दिसू लागतात आणि गुलाबी पोषकद्रव, पेशींनी सोडलेल्या आम्लामुळे, पिवळसर होत जातो. शरीरात तर पहिला संदेश मिळूनही दुसरा न मिळालेली टी-पेशी पुष्कळदा निष्क्रिय होऊन बसते. सीडी-८० आणि सीडी-८६ यांचे प्रमाण सादर करणाऱ्या पेशीवर वाढते ते मुख्यतः संसर्गाची किंवा इजेची चाहूल लागल्यावर. त्यामुळे आपल्याच निरोगी ऊतींतील एखादे प्रथिन चुकून ‘ओळखणारी’ टी-पेशी सहसा पुढे जाऊ शकत नाही.

याच दोन प्रथिनांवर सीटीएलए-४ हे सीडी-२८चे भावंडही हक्क सांगते. टोकाचे तेच सहा आम्लांचे वळण त्याच्याकडेही असते, मात्र त्याची पकड सीडी-२८पेक्षा कितीतरी घट्ट असते. शिवाय ते समोरच्या पेशीवरील सीडी-८० आणि सीडी-८६ अक्षरशः ओरबाडून आपल्या पेशीत ओढून घेते आणि उत्तेजन आवरते. १९९५ साली सीटीएलए-४चे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा ते टी-पेशींच्या बेसुमार वाढीमुळे तीन-चार आठवड्यांतच दगावले. हा लगाम कर्करोगाविरुद्ध मुद्दाम सैल करण्याच्या कल्पनेसाठी जेम्स ॲलिसन यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक तासुकु होन्जो यांच्यासमवेत मिळाले.

आता थेट चेतवण्याविषयी. तसा प्रयत्न झाला होता. टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड टोकाच्या वळणाऐवजी पटलाजवळच्या बाजूने सीडी-२८ला पकडत असे आणि पहिल्या संदेशाशिवायच टी-पेशींना चेतवत असे. १३ मार्च २००६ रोजी लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना ते देण्यात आले. मात्रा शरीराच्या दर किलोला केवळ ०.१ मिलिग्रॅम होती, तरीही दीड तासाच्या आत डोकेदुखी, ताप आणि रक्तदाबातील घट सुरू झाली आणि पुढे सहाही जणांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी ते सर्व वाचले. माकडांवरील चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता, आणि त्याचे एक महत्त्वाचे कारण नंतर उलगडले: माणसाच्या अनुभवी (पूर्वी प्रतिजन भेटलेल्या) सीडी-४ टी-पेशींवर, म्हणजे मदतनीस टी-पेशींवर, सीडी-२८ टिकून असते, तर त्या माकडांच्या तशाच पेशींवरून ते नाहीसे झालेले असते. ही घटना मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सविस्तर सांगते, कारण प्रतिपिंड रेणूला कुठे धरते यावर किती अवलंबून असते, हे त्यांना त्यातून कळते.

म्हणून आज वापरात असलेली औषधे वेगळी वाट धरतात. संधिवातासाठीचे अबाटासेप्ट आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे बेलाटासेप्ट ही दोन्ही सीटीएलए-४च्या बाहेरच्या भागापासून बनवलेली असून, सीडी-८० आणि सीडी-८६ झाकून दुसरा संदेश अडवतात. चेतवायचेच असेल तेव्हा, म्हणजे टी-पेशींत कृत्रिम ग्राही बसवण्याच्या कार-टी उपचारांत, काही वेळा सीडी-२८चे शेपूट कर्करोगपेशी ओळखणाऱ्या कृत्रिम ग्राहीच्या साखळीतच गुंफले जाते, जेणेकरून लक्ष्य सापडल्यावर दोन्ही संदेश एकदमच मिळावेत. मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ साली मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ मध्येही बांधणी हीच आहे; फक्त तिथे सीडी-२८च्या जागी ४-१बीबी या दुसऱ्या सहउत्तेजक प्रथिनाचे शेपूट जोडलेले आहे.