न्यू जर्सीत रीव्हॅल्युएशननंतर (गावातल्या सगळ्या घरांच्या फेरमूल्यांकनानंतर) घराचं असेसमेंट, म्हणजे करासाठी धरलेलं मूल्य, दुप्पट झालं, तर प्रॉपर्टी टॅक्सही दुप्पट होणार का?

नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. तिकडे महापालिका दर ठरवते, तो करपात्र मूल्याला लावते आणि जे येईल ते अंदाजपत्रकात जमेला धरते. इथे सगळं उलटं चालतं.

टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, आधी वर्षाचा खर्च मांडते. त्यातून राज्याची मदत, फी, दंड, मागची शिल्लक वजा केली की उरते ती लेव्ही, म्हणजे करातून उभी करायची रक्कम. शाळा आणि काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आपापली लेव्ही कळवतात. सगळ्यांची बेरीज गावातल्या एकूण करपात्र मूल्याने भागली की शंभर डॉलरमागचा दर निघतो.

समजा, लेव्ही १० कोटी डॉलर आणि गावाचं मूल्य ४०० कोटी. दर अडीच डॉलर, म्हणजे ४ लाखांच्या घराला १०,०००. रीव्हॅल्युएशनमध्ये गाव ८०० कोटींवर गेलं, तर दर सव्वा डॉलर. तुमचं घर ९ लाखांवर गेलं असेल तर बिल ११,२५०. ७ लाखांवरच थांबलं असेल तर ८,७५०. गावाच्या सरासरीपेक्षा तुम्ही किती पुढे गेलात, एवढाच प्रश्न.

बजेटमधली एक ओळ मात्र जरूर बघा: न वसूल होणाऱ्या करासाठीची राखीव रक्कम. वसुली कमी झाली तरी टाउनशिपला शाळा आणि काउंटीचे पैसे पूर्ण चुकते करावे लागतात. म्हणून संभाव्य तूट आधीच लेव्हीत धरतात. शेजाऱ्याची थकबाकी अशी तुमच्या बिलात येते.

माझा मेहुणा आजही म्हणतो की असेसरने, म्हणजे घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, लुटलं. अपिलात गेला आणि कर परवडत नाही हे अर्धा तास सांगत बसला. अपील फेटाळलं, आणि ते बरोबरच होतं. काउंटीचं टॅक्स बोर्ड फक्त आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरचा बाजारभाव बघतं. त्या तारखेच्या आसपास झालेल्या, तुमच्यासारख्या घरांच्या विक्रीचे आकडे न्यायचे. कराची रक्कम जास्त वाटत असेल तर बजेटच्या सुनावणीला जायचं, तेही आधी स्कूल बोर्डाच्या. साधारण निम्मं बिल शाळांचं असतं आणि तिथल्या खुर्च्या रिकाम्या असतात. हे मी त्याला दहादा सांगितलंय.

वर्षाची करवाढ रोखणाऱ्या २ टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेवर विसंबू नका. ती लेव्हीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. शिवाय कर्जफेड, पेन्शन आणि आरोग्य विम्यातली काही वाढ तिच्या बाहेर राहते.

अपिलाची मुदत एरवी १ एप्रिल, रीव्हॅल्युएशनच्या वर्षी १ मे. आणि कराच्या चार हप्त्यांपैकी फेब्रुवारी आणि मे महिन्यांतले दोन जुन्या बिलावरून काढलेले असतात. वरच्या ११,२५० च्या घराला ते प्रत्येकी २,५०० चे येतील, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे मात्र प्रत्येकी ३,१२५ चे.