झाडं जूनमध्ये घ्या, ते पाकीट मात्र आजच फोडा

वाचकाचं पत्र: वय 41, नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरीला, पत्नी घरी, दोन मुलं. मागच्या दिवाळीत बेशाला रो-हाऊस घेतलं, कर्ज 28 लाख. अंगण आणि गच्चीसाठी नर्सरीवाल्यानं 48 हजारांचा हिशेब दिलाय: तीन मोठी तयार झाडं 18 हजार (त्यात फळं लागलेलं एक संत्र्याचं), लॉन 9, सिरॅमिकच्या कुंड्या 14, माती आणि खत 7. हे क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत घ्यावं, की एफडी मोडावी? तीन लाखांची एफडी मार्चमध्ये सुटली. दोन लाख परत ठेवले. एक लाख बँकेतल्या मॅडमनी डबल होणाऱ्या योजनेत टाकून दिले. दरवर्षी 1 लाख, दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षी हमखास 20 लाख, म्हणजे 10 टक्के पडतात. त्याचं पाकीट गेल्या आठवड्यात कुरिअरनं आलं, अजून फोडायचं आहे. तेव्हा पुढची काळजी नाही, फक्त झाडांचं सांगा.

झाडांचं सांगतो, पण नंतर. त्याला जूनपर्यंत वेळ आहे. पाकिटाला नाही.

त्या पाकिटात आयुर्विम्याची पॉलिसी आहे. बँकेच्या टेबलावर सही केली म्हणून ती ठेव होत नाही. बँक इथे फक्त विमा कंपनीची एजंट आहे आणि तिला त्यावर कमिशन मिळतं. मार्चअखेरीला अशा किती एफडी पॉलिसीत वळवल्या जातात, ते दर एप्रिलमध्ये येणाऱ्या पत्रांतून दिसतं, आणि दर वेळी संताप येतो.

आता ते 10 टक्के. दहा लाखांचे वीस झाले, म्हणजे शंभर टक्के, भागिले दहा वर्षं, असा हिशेब तुम्हाला करून दाखवला. पण पैसे दहा वर्षं अडकत नाहीत. पहिला लाख वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात, त्या आकड्यानं 72 ला भागलं की व्याजदराचा अंदाज येतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट, तर 72 भागिले साडेपंधरा: वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. हेच दहा लाख याच पद्धतीनं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीत, भरले, पंधरा वर्षांनंतर खातं पाच वर्षांनी वाढवलं आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला असं धरलं, तर विसाव्या वर्षी साधारण साडेएकोणतीस लाख होतात. साडेनऊ लाखांचा फरक. दर बदलू शकतो, हे खरं. पण तो बराच खाली आला तरी साडेचार टक्क्यांना वीस वर्षं बांधून घ्यायचं कारण मला दिसत नाही.

त्याहून वाईट गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. अशा पॉलिसीत विम्याची रक्कम बहुधा हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे तुमच्या बाबतीत 10 लाख. घराचं कर्ज 28 लाख. तुमचं काही बरंवाईट झालं, तर पत्नीच्या हातात कर्जाच्या निम्मेही येणार नाहीत, मुलांचं शिक्षण तर दूरच. तुम्हाला 1 कोटीचा साधा टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा. तब्येत धडधाकट असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल, तर तो या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसतो. परत काही मिळत नाही म्हणून लोक तो टाळतात आणि परत मिळेल या आशेनं चौपट हप्ता भरतात. यात घराचं नुकसान आहे.

सुटका अजून आहे. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा किरकोळ खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. तुमचा आठवडा गेला आहे. मॅडमकडे जाऊ नका. विमा कंपनीच्या नागपुरातल्या शाखेत जा. लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, घरी येऊन तोच अर्ज ईमेलही करा. फोन येतील, बोनसचं आमिष दाखवतील, "एक वर्ष तरी भरा" म्हणतील. ऐकू नका. मुदत उलटून पहिल्या वर्षी सोडलीत, तर लाखातला मोठा भाग जाईल. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं.

लाख परत आला की तो त्या दोन लाखांना जोडा. कर्जाचा हप्ता आणि खाजगी नोकरी असलेल्या घरात एवढी गंगाजळी हवीच. झाडांसाठी तिला हात लावू नका.

आता नर्सरी. कार्डावर नको. वर्षाला 16 टक्के व्याज आणि त्यावरचा जीएसटी धरला, तर 48 हजारांवर पाचेक हजार जास्त जातील. आणि एप्रिलअखेरीला नागपुरात मोठी झाडं तर मुळीच नकोत. नर्सरीत ती जाळीखाली वाढलेली असतात. तिथून तुमच्या गच्चीवर पंचेचाळीस अंशांत आणलीत, तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपायच्या आत त्यातली किती उरतील? मृग लागून दोन चांगले पाऊस झाले की घ्या. तोवर पगारातून महिन्याला सात-आठ हजार बाजूला पडले की पैशाचा प्रश्नही सुटतो, कारण एवढ्या खर्चाची गरजच नाही.

लॉन काढून टाका. उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागेल. सिरॅमिकऐवजी मातीच्या कुंड्या किंवा ग्रो बॅग घ्या. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, पारिजातक यांची रोपं शंभर-दोनशेत मिळतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत अंगण भरतं. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, ती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात दगड. शेणखत आणि वाळू मिसळा. सगळं मिळून बारा-पंधरा हजारांत होतं.

निवडताना फुलं मोजू नका. पानाची मागची बाजू बघा, पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर ते रोप तिथेच सोडा. पिशवीचं बूड बघा. मुळांचा गुंडाळा झाला असेल, तर ते रोप उंच दिसलं तरी पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. कमी उंचीचं, नवी पालवी फुटलेलं रोप उचला.

राहिलं फळं लागलेलं संत्रं. पुढच्या वर्षीपासून घरची संत्री, ही अपेक्षा सोडा. नवीन कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतं. पिशवीतल्या झाडाला आज फळं आहेत म्हणून ते तुमच्या जमिनीत तगेल असं नाही. संत्रं लावायचंच असेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांची चौकशी करा. रोपं केव्हा मिळतील ते आधी विचारा. जंभेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबांच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) संत्र्याचा डोळा भरलेलं असावं आणि तो जोड लावताना मातीच्या वीतभर वर राहावा. अंगणात पाणी साचत असेल, तर आधी उंचवटा करून घ्या. साचलेल्या पाण्यात संत्र्याची मुळं कुजतात, मग कलम कितीही चांगलं असो.