चेंडू मिळेल तिथे जा

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि आधी तुझाच राग आला. दोन हंगाम संघात, त्यात एक सामना, त्यात तीन षटकं. बाकी वेळ पाण्याच्या बाटल्या आणि ओले टॉवेल. आता ईशान्येकडचं एक राज्य पाहुणी खेळाडू म्हणून बोलावतंय, तर तू विचारतेस, "ताई, आपल्या राज्याकडे एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागितलं तर गद्दारी होईल का?"

हा शब्द तुझा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याही कानात तोच ओतला होता.

डब्लिनची किम गार्थ बघ. आई-वडील दोघंही आयर्लंडकडून खेळलेले आणि ही 2010 मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याच देशाकडून मैदानात. घरचा संघ म्हणजे काय, हे तिला आपण शिकवायचं? पण ती तिथे होती तोवर आयर्लंडच्या बायकांच्या नावावर एकच कसोटी होती, तीही 2000 सालची. पूर्णवेळ करार आले 2022 मध्ये. ती 2020 मध्येच व्हिक्टोरियाच्या करारावर मेलबर्नला निघून गेली. डिसेंबर 2022 मध्ये नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाकडून पहिला टी-20 खेळली, वर्षभरानं वानखेडेवर कसोटीतही उतरली.

5 मार्च 2023 ला मी महिला प्रीमियर लीगचा गुजरात-यूपी सामना बघायला डी. वाय. पाटील स्टेडियमला होते. बायकांना प्रवेश फुकट होता, मग काय! ऐनवेळी बदली म्हणून गुजरातकडे आलेल्या गार्थनं यूपीचे तीन बळी झटपट काढले. समोर उभी आपल्या सोलापूरची किरण नवगिरे. बॅटवर प्रायोजक नाही, म्हणून हातानं लिहिलेलं 'एमएसडी 07', म्हणजे धोनीची आद्याक्षरं आणि नंबर. हीसुद्धा महाराष्ट्र सोडून नागालँडकडून खेळली, तिथे 76 चेंडूंत नाबाद 162 ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. त्या रात्री तिनं 53 केल्या आणि गार्थनंच तिला बाद केलं. घर सोडलेल्या दोघी समोरासमोर, आणि स्टेडियममध्ये कुणाच्याही तोंडी गद्दारी नव्हती.

गार्थचे पाच बळी झाले, तरी गुजरात हरलं. अठराव्या षटकात यूपीच्या ग्रेस हॅरिसनं तिला वीस धावा चोपल्या. मला त्या वीस धावाच जास्त लक्षात आहेत. सामना हातातून निसटत असताना कर्णधारानं चेंडू तिच्याकडे दिला होता. तुला मार खायलासुद्धा कुणी चेंडू देत नाहीये, कळतंय का? चेंडू मिळेल तिथे जा.

तू म्हणशील, इसोबेल जॉइस राहिलीच की आयर्लंडमध्ये. राहिली, 2018 पर्यंत. पण त्या एकुलत्या कसोटीत, सतराव्या वर्षी, तिनं 21 धावांत सहा बळी घेतले होते. पुढे कर्णधारही झाली. तिला घरीच चेंडू मिळत होता! मुद्दा घराचा नाहीच.

मला मिळत नव्हता, तरी राहिले. चार हंगाम नेटमध्ये टाकत बसले, 'पुढच्या वर्षी बघू' ऐकत. लोकांना सांगते, निष्ठेपायी राहिले. खरं सांगू? रेल्वेनं एकटीनं दोन दिवस प्रवास करायची भीती वाटली होती. अर्थात अगदीच चुकले असंही नाही. मी इथे होते म्हणून तर सकाळी सहाला तुझं मनगट सरळ करायला कुणीतरी उभं होतं. नाहीतर तुझ्या चेंडूची शिवण अजून फाइन लेगकडेच बघत असती. असो, हे मी माझ्यासाठीच लिहिलं.

पप्पांशी मी बोलते. "आपलं राज्य सोडायचं?" म्हणतील, तर त्यांना नवगिरेच्या 162 सांगेन, सोलापूर त्यांना जवळचं आहे.

अर्ज दोन ओळींचा कर. कारण लिहू नकोस, तक्रार तर मुळीच नको. रविवारी नेटनंतर घेऊन ये, मी बघते. आणि तो उजव्या पायाचा बूट आधी शिवून घे, टाच निघालीय.

तुझी
ताई