दुसऱ्याच्या पेन्सिलवर

प्रश्न : ताई, मी सांगलीला राहतो, वय २४. दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री जेवणं झाली की कॉमिक्सच्या पेन्सिल-पानांवर इंकिंगचा, म्हणजे पेन्सिलच्या रेघांवर शाई चढवण्याचा, सराव करतो. सोबत दोन पानं पाठवली आहेत. एक, अमेरिकेतल्या एका चित्रकाराने सरावासाठी मोकळं ठेवलेलं पेन्सिलचं पान. दुसरं, त्यावर मी केलेलं इंकिंग. पेन्सिलचं पान जिवंत दिसतं आणि माझं मेलेलं. एकही रेघ मी सोडलेली नाही, तरी असं का व्हावं? शिवाय आई म्हणते, दुसऱ्याचं चित्र गिरवण्यात कसली आलीय कला! तिला काय सांगू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वय सांगितलंस म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

एकही रेघ सोडली नाहीस, हेच तर दुखणं आहे. तुझं पान मी भिंग घेऊन पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर वाकलेला मुखवटेवाला, त्याच्या मागे न्यूयॉर्कच्या इमारतींवर असते तशी पाण्याची लाकडी टाकी, खाली खोल रस्ता. आता त्याचा डावा खांदा बघ. पेन्सिलवाल्याने तिथे तीन रेघा मारल्या आहेत, कारण तो खांदा शोधत होता. पेन्सिल करडी असते, त्यामुळे त्या तिन्ही मिळून आपल्याला एकच खांदा दिसतो. तू तिन्ही शाईत उतरवल्यास. शाईला करडं ठाऊक नाही. झाले तीन खांदे!

त्या तिघींतली एक निवडायची आणि बाकीच्या दोघींना निरोप द्यायचा, हे इंकिंगवाल्याचं काम. कुठली निवडायची, ते शरीर कळल्याशिवाय समजत नाही. म्हणून रोज पंधरा मिनिटं आरशासमोर स्वतःचाच खांदा काढ. कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. कठडा, माणूस, टाकी आणि खालच्या मोटारी, सगळं एकाच जाडीत आहे. तू बहुतेक फाइनलायनर, म्हणजे एकाच जाडीची रेघ देणारं पेन, वापरलंस, आणि तेही एकच. जवळचं जाड आणि लांबचं बारीक, हा झाला ढोबळ नियम. त्याच्या पुढचा असा, की उजेड ज्या बाजूने येतो तिथली रेघ बारीक, आणि सावलीच्या, वजन पेलणाऱ्या बाजूची जाड. कठड्यावर टेकलेल्या तळहाताखालची रेघ जाड झाली असती, तर त्या माणसाचा भार कठड्यावर आला असता. आत्ता तो तरंगतोय. आणि पायाजवळच्या मोठ्या भागात बारीकशी फुली दिसते ना? ती ‘इथे सगळं काळं भर’ अशी चिठ्ठी असते. तू ती फुलीच इमानदारीत गिरवलीस! हसले खरी, पण पहिल्या महिन्यात मीही हेच केलं होतं.

आता आईचं. तुझ्या आईशी भांडू नकोस, तिने शब्द बरोबर वापरलाय. आपण अक्षरं शिकलो ती पाटीवर गिरवूनच. पण माझे मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात होते, त्यांचं सांगते. तिथे साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, अंगाचा रंग देणारा वेगळा, आणि डोळ्यांची आखणी करणारा आणखी वेगळा. मामा आखणीवाले. मूर्ती दुसऱ्याची, भुवई कुठे ते साच्यानेच ठरवलेलं, तरी गिऱ्हाईक डोळे बघून मूर्ती उचलायचं. मामा वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढत. मध्ये थांबून कुंचला पुन्हा टेकवला की डोळा रडका होतो, असं म्हणायचे. कुंचला मी पहिल्यांदा तिथेच धरला, मूर्तीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही तिथे. हे आईला सांगून बघ. नाहीच पटलं तर रद्दीवाल्याकडून सुपर कमांडो ध्रुवचं एखादं जुनं कॉमिक आण आणि श्रेयनामावली दाखव. बऱ्याच अंकांत चित्रं अनुपम सिन्हांची, इंकिंग विनोद कुमार यांचं. दोन कामं, म्हणून दोन नावं.

तुला स्वतःला पटवायचं असेल तर अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी याची पानं शोध. पेन्सिल एकाच माणसाची, पण शाई वेगवेगळ्या हातांची, आणि मूळ पेन्सिलच्या झेरॉक्सही बऱ्याच छापून आलेल्या आहेत. त्याच्या ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेचं इंकिंग ४४व्या अंकापासून, म्हणजे १९६५पासून, जो सिनॉटने नेमाने केलं. त्याची रेघ गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. लोखंड लोखंडासारखं चमकतं. ‘थॉर’ या मालिकेवर विन्स कोलेटा होता. निबच्या बारीक, केसाळ रेघा. त्या जुन्या, पुराणातल्या जगाला शोभायच्या, हे मी मान्य करते. पण वेळ वाचवायला तो मागची माणसं खोडून टाकायचा, नाहीतर नुसती काळी आकृती करून मोकळा व्हायचा. याबद्दल त्याला अजून शिव्या बसतात. पुढे १९७१ पासून डीसी या प्रकाशनासाठी केलेली कर्बीची पानं माइक रॉयरकडे आली. त्याने पेन्सिलमध्ये होतं तेच आणि तेवढंच ठेवलं. माझं मत विचारशील तर सराव रॉयरसारखा कर आणि स्वप्नं सिनॉटची बघ.

कोलेटाला नावं ठेवताना माझाही एक गुन्हा कबूल करते. मुंबईतल्या एका छोट्या प्रकाशनात मी नवी होते. तिथल्या ज्येष्ठ चित्रकारांच्या पेन्सिलमध्ये एका म्हातारीचं नाक मला फारच मोठं वाटलं. इंक करताना मी ते शहाणपणाने लहान केलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांच्या मूळ पेन्सिलची झेरॉक्स आणि शेजारी त्या म्हातारीची पुढची सहा पानं होती. प्रत्येक पानात तेच मोठं नाक. अख्ख्या गोष्टीत एका चौकटीपुरती ती म्हातारी दुसरीच कुणी झाली होती. मी पांढऱ्या रंगाने नाक दुरुस्त केलं आणि तेव्हापासून चेहऱ्याला हात लावलेला नाही.

आता काम सांगते. नवं पान घेऊ नकोस, हेच पान तीनदा कर. पहिल्यांदा फक्त निबने. दुसऱ्यांदा फक्त कुंचल्याने, दोन नंबरचा सेबलच्या केसांचा, नाहीतर चांगला सिंथेटिक. कुंचला अंगठ्याजवळून नाही, खांद्यातून चालव. रेघ स्वतःकडे ओढ, ढकलू नकोस. हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरव. तिसऱ्यांदा आधी काळं भर आणि मग उरेल तेवढीच रेघ काढ. या तिसऱ्या खेपेला तुला कळेल की निम्म्या रेघांची गरजच नव्हती. मग तिन्ही पानं दोनतृतीयांश आकारात छापून भिंतीवर लाव. अमेरिकन पानाची मूळ चौकट दहा बाय पंधरा इंच असते आणि छापताना ती साधारण तेवढीच लहान होते. मोठ्या पानावर नाजूक वाटणाऱ्या रेघा तिथे गायब झालेल्या दिसतील, आणि फार जवळजवळ मारलेल्या एकमेकींत मिसळून डाग झालेला असेल.

प्रश्न : पेन्सिलचं पान संगणकावर आहे. ते कागदावर कसं घ्यायचं? झेरॉक्सवर इंकिंग केलं तर शाई नीट बसत नाही.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटवर टोनरचा, म्हणजे भुकटीच्या शाईचा, थर असतो. पातळ शाई त्यावरून घरंगळते, तुमची चूक नाही. पेन्सिलचं पान फिकट आकाशी रंगात करून घ्या, इतकं फिकट की हातभर अंतरावरून जेमतेम दिसावं. मग ए-थ्री आकाराच्या जाड, गुळगुळीत कागदावर इंकजेटने छापा. छपाईवाला कुरकुर करतो. स्वतःचा कागद घेऊन गेलात तर दोन मिनिटं जास्त करतो, पण ऐकतो. आधी कोपऱ्यात शाईचा एक थेंब टाकून फुटते का पाहा.

आकाशीच का, तर पूर्वी छापखान्याचा कॅमेरा फिकट निळा रंग पकडतच नसे. म्हणून पेन्सिल खोडायची गरज नसायची. आजही रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनल (चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा; त्यात फिकट निळं पांढऱ्यासारखंच दिसतं) ठेवला की ती रेघ जवळजवळ नाहीशी होते आणि काळी तेवढी राहते. छपाई परवडत नसेल तर खिडकीच्या काचेला पान चिकटवा आणि वर पातळ कागद लावा. मान मोडते, पण मी दोन वर्षं तशी काढली.

प्रश्न : पावसाळ्यात शाई फुटते, खोडताना सगळं पान काळं होतं. नवी निब तर शाईच धरत नाही. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चिपळूणचा जुलै आणि इंकिंग यांचं जमणं कठीणच. कागद हवेतलं पाणी पितो, मग शाई धाग्याधाग्याने पसरते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवा आणि बसण्याआधी ६० वॉटच्या दिव्याखाली थोडा वेळ धरा. शाई वॉटरप्रूफच घ्या, कॅमलची ड्रॉइंग इंक चालेल. खोडायची घाई नको. पान रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी खोडा. हात टेकतो तिथे रुमाल घ्या, कारण घामाचा तेलकटपणाही शाईला नडतो. नव्या निबला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. ती बटाट्यात खुपसून काढा आणि पुसा, लगेच शाई धरेल. बटाटा नंतर भाजीत टाकू नका, आमच्याकडे यावरून महाभारत झालंय.

प्रश्न : सरावाची पानं लोकांना दाखवली, विकली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दाखवा, पण खाली ‘पेन्सिल अमक्याची, इंकिंग माझं’ असं लिहून, आणि चित्रकाराने सरावाला परवानगी दिली असेल तरच. विकू नका, चित्र तुमचं नाही. संपादकाकडे काम मागायला जाल तेव्हा इंक केलेल्या पानाशेजारी मूळ पेन्सिलची प्रत ठेवाच. त्याला तुमची रेघ किती देखणी आहे ते बघायचं नसतं. तुम्ही काय ठेवलंत आणि काय काढलंत, ते बघायचं असतं.

सांगलीकर, तिसरी खेप झाली की पान पाठव. सुरुवात माणसापासून करू नकोस, टाकीपासून कर. लाकडाच्या फळ्या चुकल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत, आणि तोवर हात गरम होतो.